आबांनी बुजवलेलं भोक

कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे, मी प्रोजेक्ट घेतला भरती-ओहोटीवर वीज करणाऱ्या बंधाऱ्याचा. नदी समुद्राला मिळते तिथं तो बांधतात. भरतीचं पाणी खाडीत अडवायचं आणि ओहोटी लागली की पात्यांचं चाक फिरवत सोडून द्यायचं. समुद्र आमच्यापासून अख्खा घाट उतरून. पण नापास झालो असतो तर ठरलेली नोकरी हातची गेली असती.

मॉडेल केलं आबांनी. आबा म्हणजे माझे वडील; ते गावच्या कृष्णेवरच्या बंधाऱ्याला बरगे घालायचे. बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळा सरला की घालायच्या, पुढच्या पावसाळ्याआधी काढायच्या. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"भरती कवा येती रं?"

"दिवसातनं दोनदा."

"दोनदा बरगे काढायचं? हितं वरसातनं एकदा काढताना कंबरडं मोडतंय! कुण्या शान्यानं काढलाय ह्यो बंधारा?"

तरी सागवान तासून त्यांनी असा देखणा बंधारा केला की बघत राहावं. परीक्षेला एसटीतून मांडीवर घेऊन स्वतः आले.

परीक्षकांसमोर मी बादलीनं खाडी आणि समुद्र दोन्ही भरले आणि समुद्राकडची तोटी उघडून ओहोटी आणली. चाक ढिम्म. चाकाला जोडलेला दिवा ढिम्म. वाकून बघतो तर चाकासमोरचं भोक चिखलानं गच्च बुजवलेलं!

"काल गळत हुतं," आबा छाती काढून म्हणाले. "आता बगा सायेब, थेंब गळंना!"

माझं टाळकंच सरकलं. परीक्षकांनी विचारलं, "चूक कोणाची?"

मी आबांकडं बोट करणार होतो. पण बोटांना अजून चिखल लागलेला तो माणूस कौतुकाच्या आशेनं उभा होता. मला माझीच लाज वाटली. चार वर्षं ते विचारायचे, काय शिकतोस, आणि मी म्हणायचो, तुम्हाला नाही कळायचं.

"माझी. भोक कशाला ठेवलंय, ते मी यांना सांगितलंच नाही."

"मग आता सांगा."

सांगितलं. आबांनी बोट घालून चिखल उकरला. पाणी सुटलं, चाक गरगरलं, दिवा लागला. मी पास झालो.

परतताना आबांनी एसटीत मॉडेल पुन्हा मांडीवर घेतलं. गावाचा फाटा आल्यावर म्हणाले, "चार वरसं बंधाऱ्याला भोक पाडायला शिकत हुतास व्हय? आन् मी गावभर सांगत सुटलोय, पोरगं बंधारा बांधायला शिकतंय म्हून!"