मेलेले शिपाई घरी येतात तो सिनेमा

तो सिनेमा मी तीनदा पाहिला. आमच्या गावात हे आजही दबक्या आवाजात सांगतात, म्हणून मी इथे मोठ्याने सांगते. पहिल्यांदा नणंदेबरोबर पाहिला, दुसऱ्यांदा एकटीने, आणि तिसऱ्यांदा सासूला घेऊन.

माझे यजमान मिलिटरीत होते. तीन वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली आणि त्यांची गाडी दरीत गेली. लढाई नव्हती, गोळीही लागली नव्हती. पण गाव त्यांना शहीद म्हणतं आणि मला वीरपत्नी. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात मला पहिल्या रांगेत खुर्ची देतात, खांद्यावर शाल घालतात, आणि मग वर्षभर मी कुठे जाते, काय नेसते, कोणाशी हसते यावर डोळा ठेवतात. मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घेते, गाणी म्हणवून घेते, बाळंतिणींच्या घरी जाते. काम भरपूर आहे. रडत बसायला मला वेळ नसतो, हे गावाला पटत नाही.

भंडारा जिल्ह्यात, बपेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून आमच्या धानाच्या बांध्या आहेत. घरात सासू आणि मी. एका भिंतीपलीकडे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, त्यांच्या कुटुंबासह राहतात. भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत. ते आमच्याकडची जुनी रीत पाळतात. मला काही सांगायचं असलं की सासूला सांगतात, आणि मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असते.

धान कापून झालं होतं. वरठीला दिलेली माझी नणंद चार दिवसांसाठी माहेरी आली होती. एके सकाळी म्हणाली, "वहिनी, चाल, तुमसरले जाऊ. पिक्चर पाहू. तू घरात बसून बसून बुढी होऊन राहिली."

"कोणता?"

"भुताचा हाये. पोस्टरवर तोंड फाटलेले मानसं हायेत."

मला भुतांचे सिनेमे लग्नाआधीपासून आवडतात. यजमानांना आवडत नसत. सुट्टीवर आले की माझ्यासाठी बसायचे, पण नेमक्या वेळी उशी तोंडावर घ्यायचे. मी हसायची, "अवो, तुमी बंदूक चालवता ना?" तर म्हणायचे, "बंदुकीचं वेगळं असते." त्यांच्यानंतर मी एकही सिनेमा पाहिला नव्हता. म्हणून मी लगेच हो म्हटलं, आणि दुपारच्या शोला आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर गेलो.

सिनेमा परदेशी होता, हिंदीत बोलणारा. कुठलीतरी जुनी लढाई. काळा चिखल, खंदक, वर राखाडी आभाळ. मेलेल्या शिपायांना एका मोठ्या खड्ड्यात टाकतात आणि त्यांच्यावर चुना ओततात. मग तो चुना हलायला लागतो. एक हात वर येतो, मग दहा, मग सगळी पलटण. त्यांच्या अंगावर वर्दी तशीच असते. कोणाचा जबडा गेलेला, कोणाचं पोट उघडं. जो सापडेल त्याला फाडत ते चालायला लागतात.

टॉकीजमध्ये धमाल उडाली. मागची पोरं शिट्ट्या मारत होती. एक जण ओरडला, "अबे पळ, सासरा आला!" आणि अख्खं थिएटर हसलं. समोरची एक बाई डोळ्यांवर पदर घेऊन बोटांच्या फटीतून पाहत होती. मीही हसत होते.  हा लढाईचा सिनेमा आहे हे पोस्टरवरून नणंदेला कळलं नव्हतं. तिने माझं मनगट धरलं.

"वहिनी, उठ. घरी जाऊ."

"काहून?"

"काहून म्हणजे? शिपाई हायेत ते."

"मले दिसते. बस."

मध्यंतरात आम्ही बाहेर आलो तर आमच्या गावचा पानठेलेवाला समोर उभा. हातात मक्याच्या लाह्या. त्याने मला पाहिलं, पोस्टरकडे पाहिलं, परत मला पाहिलं. "तुमी? हा पिक्चर?"

"हाव," मी म्हटलं. "तुमी पण तोच पाहून राहिले ना?"

 त्याचं तोंड असं झालं जसं मी देवळात चपला घालून शिरले.

मध्यंतरानंतर ते दृश्य आलं. त्या मेलेल्यांतला एक जण पलटणीतून वेगळा होतो आणि आपल्या गावाकडे चालू लागतो. दोन डोंगर, एक नदी, मग एक एकटं घर. दार वाजतं. त्याची बायको दार उघडते. समोर तो उभा. अर्धा चेहरा आहे, अर्धा नाही. ती किंचाळत नाही. त्याला वरपासून खालपर्यंत पाहते आणि म्हणते, "जूते बाहर उतारो."

लोक हसले. मागून कोणीतरी टाळी वाजवली. नणंद हुंदके देत होती आणि माझा हात ओढत होती. मी जागची हलले नाही. मला भीती वाटली नाही, किळस आली नाही, रडूही आलं नाही. मला त्या बाईचा हेवा वाटला. इतका हेवा मी आयुष्यात कोणाचा केला नाही.

का, ते सांगते. यजमानांना आणायला भासरे गेले होते. आणलं तेव्हा पेटी बंद होती. तिच्यावर झेंडा होता. मी म्हटलं, उघडा. सासूने म्हटलं, उघडा. पेटीबरोबर आलेल्या साहेबांनी भासऱ्यांकडे पाहिलं आणि भासऱ्यांनी मान हलवली. नाही. चार बायकांनी मला धरलं. मी लाकडावर हात ठेवला, तेवढंच. पुढे कित्येक महिने मी भाजी निवडताना मध्येच थांबायची. आत तेच होते कशावरून? आणि इथे ही बाई. तिचा नवरा सडून, फाटून, पण दारात उभा होता. तिला दिसला होता.

पुढे तो तिच्यावर धावून जातो आणि ती लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीने त्याला मारते. ते मला पटलं नाही. परतताना नणंदेला मी तेच सांगत होते, तर ती मागून म्हणाली, "वहिनी, तू पागल झाली. गाडी नीट चालव."

आम्ही घरी पोचायच्या आधी पानठेलेवाल्याने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं होतं, वीरपत्नीने असले चित्रपट पाहणे शोभते का? खाली जोडलेल्या हातांची आणि मान खाली घातलेल्या चेहऱ्यांची चित्रं. एकाने लिहिलं होतं, शहिदाचा अपमान. मी स्कूटी उभी केली, पदर खोचला आणि त्याच ग्रुपवर उत्तर दिलं, 'शोभते. संध्याकाळचा शोसुद्धा आहे, ज्यांना जायचं त्यांनी जावं.' त्यानंतर ग्रुप दोन दिवस थंड पडला.

भासरे मात्र थंड बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात आले. सासू सूप घेऊन बसली होती, मी अंगणवाडीला निघाले होते.

"माय, तिले सांग," ते म्हणाले. "लोक बोलून राहिले. माह्या भावाचं नाव हाये या गावात. ते असे चिखलात नोको घालू म्हणा."

सासूने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी मान खाली घालून निघून जाते. त्या दिवशी मी पिशवी खाली ठेवली.

"भाऊजी, मी इथंच हावो. मले सांगा."

ते भिंतीकडे पाहत राहिले. "मेलेल्या शिपायाचे हाल पाहून टाळ्या पिटणारे लोक. त्यायच्यात जाऊन बसते घरची बाई? मेल्यावर मानसाचं तोंड कसं होते, ते काय पाहाची गोष्ट हाये?"

"तुमाले काय ठाऊक कसं होते ते?"

"ठाऊक हाये!" ते ओरडले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मी पाहिलं त्याले! तिथं मले एकट्याले आत बलावलं ओळख पटवाले. मी पेटी उघडू दिली नाही, ते काय तुमच्याशी दुश्मनी होती? तोंड नव्हतं तिथं. तोंड नव्हतं!"

नणंद दारातच खाली बसली. सासूचं सूप कलंडलं आणि तांदूळ अंगणभर झाले. कोणी उचलले नाहीत. तीन वर्षं हा माणूस भिंतीपलीकडे हे पोटात घेऊन जेवत होता, झोपत होता, धान विकत होता. मला त्याची कीव आली. पण रागही गेला नाही, आणि तो जायला हवा होता असं मला आजही वाटत नाही.

"मग सांगा," मी म्हटलं. "काय काय होतं ते सांगा."

"तुले नाही झेपत."

"ते मी ठरवीन. बायको मी हावो."

"अन् मी माय हावो," सासू म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिने थोरल्या लेकाचा सदरा मुठीत धरला होता. "मले तू तीन वर्सं झाकून ठेवलं. बोल."

भासरे ओट्यावर बसले.  मग म्हणाले, "हात बरोबर होता. उजवा. बोटावर तो लहानपणीचा विळ्याचा वण होता ना, तो पाहून ओळखलं मी. धरला थोडा वेळ. लय थंड होता." मग म्हणाले, "अन् मिशी. थोडी."  ते उठून शेताकडे निघून गेले.

तो वण मला माहीत होता. तेवढ्याने पेटीत तेच होते हे मला पक्कं कळलं. तीन वर्षांत कुठल्याही शालीने जे दिलं नव्हतं, ते मला त्या एका वणाने दिलं.

त्याच आठवड्यात मी परत तुमसरला गेले, एकटी. नणंद म्हणाली, आता काहून? मला तो अर्धा चेहरा नीट पाहायचा होता, डोळे न मिटता. या वेळी थिएटरमध्ये माणसं कमी होती. बाजूच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते, ते सारखे पुटपुटत होते, "काहीच्या काही दाखवतेत." पण उठून गेले नाहीत. मी तो चेहरा पाहिला. रंग होता, रबर होतं, हे कळत होतं. तरी पाहिला. बाहेर येऊन चहा प्यायले. ऊन छान होतं आणि मला कडकडून भूक लागली होती.

घरी सासू वाट पाहत होती. "कसा दिसते तो?" तिने विचारलं.

"वंगाळ."

"मले ने."

मी तिला सांगून पाहिलं की रक्त आहे, आवाज आहे, तुम्हाला रात्री झोप येणार नाही. ती म्हणाली, "मले तशी कुठं येते."

तिचं वय सत्तरीच्या पुढे. तिने नवं लुगडं नेसलं, डबीत सुपारी घेतली, आणि मला घट्ट धरून स्कूटीवर बसली. पानठेल्यावरून जाताना मीच हॉर्न वाजवला. ठेल्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "त्यायले काय पाहा लागते?" सासू म्हणाली आणि पदर आणखी मागे सारून ताठ बसली.

खड्ड्यातून शिपाई वर आले तेव्हा ती पुढे वाकून एकेकाचं तोंड पाहत होती, जत्रेत हरवलेलं माणूस शोधावं तशी. चिखलाचं तिला नवल वाटलं नाही. सगळा जन्म बांधीतल्या चिखलात गेला. मग तो एकटा शिपाई घरी आला, बायको जोडे काढायला म्हणाली, आणि तिने कुऱ्हाड उचलली. तशी सासू खुर्चीतून उठली.

"अवो, मारू नोको!" ती पडद्याला ओरडली. "घरी आला ना तो! घरी आला!"

मागच्या रांगेत तीन-चार पोरं फिदीफिदी हसली. मी उभी राहिले आणि मागे वळले. मला भाषण करायचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "हिचा पोरगा पेटीत आला होता. हसा आता."

कोणी हसलं नाही. सिनेमा संपेपर्यंत मागून शिट्टी आली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, चांगलंही वाटलं नाही. सासू मात्र शेवटपर्यंत बसली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "बनवणारा मानूस कोणाच्या तरी मयतीत गेला असंल. पण बाईचं त्याले नाही समजलं." इतकं नेमकं मला तीन वेळा पाहूनही सांगता आलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा ऑगस्ट आला. कार्यक्रमाच्या आधी दोन माणसं घरी आली. म्हणाली, यंदा भाषणात तुमच्या यजमानांच्या वीरमरणाचा प्रसंग सांगणार आहोत, तेव्हा तुम्ही जरा साध्या रंगाची साडी नेसा, बरं दिसते. मी म्हटलं, दरड कोसळली होती, ती सांगणार असाल तर येते. नाहीतर मी लेकरांच्या रांगेत उभी राहीन, माझ्या अंगणवाडीची पंधरा लेकरं आहेत. त्यांनी वीरमरणच सांगितलं. मी लेकरांच्या रांगेत उभी राहिले, पिवळी साडी नेसून. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामीच राहिली.

भासरे अजून माझ्याशी फारसं बोलत नाहीत. पण संध्याकाळी ते सासूजवळ ओट्यावर येऊन बसतात आणि भावाबद्दल काहीतरी सांगतात. तिथल्या थंडीचं, त्या साहेबांनी दिलेल्या चहाचं, परतीच्या गाडीत रात्रभर पेटीला पाठ लावून बसल्याचं. सासू विचारत जाते. मी भात चढवता चढवता ऐकते, आणि मध्येच मला काही विचारायचं असलं तर चुलीपासूनच मोठ्याने विचारते.