पुरस्कार त्याला, ओटी मला

आमच्या चित्रपुस्तकाला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला आणि इंदूरच्या मराठी मंडळींच्या उत्साहाला ऊत आला. लगेच सत्कार ठरला. ‘आमच्या’ म्हणते, कारण त्यात नऊ वाक्यं आहेत ती माझ्या नवऱ्याची आणि बाकी सगळी चित्रं, ती माझी. नवरा भंवरकुआंकडच्या एका कॉलेजात शिकवतो. ती नऊ वाक्यं त्याने एका रविवारी चहा गार व्हायच्या आत लिहिली. चित्रांना मला दोन वर्षं लागली. त्या काळात विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल रंगांनी अडवलेलं असायचं. ताट मांडीवर घेऊन जेवावं लागतं म्हणून त्याने मला बरंच ऐकवलं. चित्रं कशी झालीत, हे मात्र एकदाही बोलला नाही. मी वाट पाहत होते. पुस्तक छापून आलं तरी पाहत होते.

सभागृहाच्या दारावर त्याचा भलामोठा फोटो. सेक्रेटरी हात जोडून धावत आले. “या या सरजी, तुम्ही सीधे स्टेजवर. वहिनी, तुम्ही लेडीजमध्ये बसा ना, पंखे के नीचे.” मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कुर्त्याची बाही सारखी करत होता.

“बस ना थोडा वेळ. बोलावतील,” तो म्हणाला.

सरस्वतीच्या तसबिरीपुढे पाटावर पुस्तक ठेवलं होतं. अध्यक्षबाईंनी बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि मुखपृष्ठावर मधोमध टेकवलं. माझ्या आकाशावर. मग हळद, मग अक्षता, मग झेंडूचं ओलं फूल. लाल ओघळ खाली उतरायला लागला आणि लोकांनी नमस्कार केले. पुस्तकाची पूजा करायला सगळे तयार, उघडायला एकही नाही. प्रमुख पाहुण्यांच्या हातातल्या प्रतीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ती तशीच हलवत ते संस्कारांवर बोलले, मोबाइलवर बोलले, स्वतःच्या बालपणावर तर फारच बोलले. समोर सतरंजीवर बसवलेली पोरं एकमेकांना चिमटे काढत होती.

नवऱ्याला शाल-श्रीफळ दिल्यावर सेक्रेटरींनी माइक घेतला. “आता सरजींच्या मागे जी शक्ती उभी आहे, त्या आपल्या वहिनींची ओटी भरू या.”

बायका मला हाताला धरून घेऊन गेल्या. मी पदर पसरला. चारचौघांत ओटी नाकारायची नाही, हे आईने अंगात भिनवलेलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. ज्या पुस्तकातला पानगळीचा एकेक रंग मी तीनतीनदा घोटला, त्याच्या सत्काराला मी कुणाची तरी बायको म्हणून नारळ घेऊन उभी. “नशीबवान आहेस गं,” ओटी भरणाऱ्या बाई पुटपुटल्या. स्वतःचीच किळस आली, कारण मी हसले.

मग नवऱ्याने पुस्तक वाचून दाखवलं. पानं स्वतःकडे धरून. एकदाही लोकांकडे वळवली नाहीत. नऊ वाक्यं संपली, टाळ्या पडल्या. शेवटी आभार मानताना म्हणाला, “आणि चित्रं हिची बरं का. हिला पहिल्यापासून हौस.”

हौस. पापड लाटायची असते, दारात रांगोळी काढायची असते, तशी.

बटाटेवड्यांवर शेव भुरभुरून लोक खायला लागले. नवरा सह्या देत बसला, मी ओटी सांभाळत त्याच्या बाजूला. एक फ्रॉकमधली मुलगी पुस्तक घेऊन आली, नवऱ्याने त्यावर सही केली. प्लास्टिक तिने फाडून टाकलं होतं आणि पानांवर वड्याचं तेल लागलं होतं. दिवसभरात मला आवडलेली ती पहिली गोष्ट.

“अंकल, ही मांजर सगळ्यांपासून छुपते का?”

“मांजर?” नवरा हसला. “बेटा, यात मांजर नाहीये. दुसरं पुस्तक असेल.”

मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहायला हवं होतं. तिने पान उघडून बोट ठेवलं. माठाच्या मागे. पुढचं पान, जिन्याखाली. पुढचं, आजोबांच्या धोतराआड. प्रत्येक पानावर मांजर आहे. त्याच्या वाक्यांतली माणसं बोलत राहतात आणि ती मांजर शेवटच्या पानापर्यंत कुणाच्या तरी मांडीची वाट पाहते. पुरस्कार देणाऱ्यांनी आपल्या निवेदनात लिहिलं होतं ते तिच्याचबद्दल. तेही त्याने वाचलं नसणार.

शाल खांद्यावरून घसरेपर्यंत तो पुस्तकावर वाकला. स्वतःच पानं उलटायला लागला, शेवटून पहिल्याकडे.

“अरे, खरंच की,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वर बघून, अगदी मनापासून, “काय सुंदर काढलीयेस गं.”

दोन वर्षं मी याच वाक्यासाठी थांबले होते. ते आलं, आणि मला शिसारी आली. मी त्याच्यासमोरून मुलीचं पुस्तक घेतलं, त्याच्या सहीखाली माझी सही केली आणि ओटी त्याच्या मांडीवर ठेवून एकटीच घरी निघाले.