दुसरी घंटी

आमच्या टेम्पोत एस.टी.ची घंटी होती. खरीखुरी. मोडीत निघालेल्या कुठल्यातरी बसमधली ती घंटी बाबांनी अमरावतीच्या भंगारवाल्याकडून आणली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं बसवली. तिची दोरी मागच्या काचेला भोक पाडून हौद्यात काढली होती. हौद्याच्या अँगलला त्यांनी आईच्या शिलाई मशीनची रिकामी रिळं ठोकली होती, त्यांवरून ती पार फाळक्यापर्यंत जायची. फाळक्याजवळ, दुमडलेल्या पोत्यावर, आई बसायची.

माल वाहायच्या गाडीत मागे माणूस बसवू नये, हे मलाही माहीत आहे. सांगायला येऊ नका. पुढं बसलं की डिझेलच्या वासानं तिला मळमळायचं. शिवाय झेंडूचे कॅरेट, मेथीच्या जुड्या आणि सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, हे सगळं वाऱ्यानं वाळू नये म्हणून ताडपत्री धरून कोणीतरी मागं बसायला लागायचंच. वलगावच्या पलीकडं आमचा मळा. तिथून उजाडता उजाडता निघायचं, वाटेत दोन-चार ठिकाणी फुलं उतरवायची आणि मग बाजार गाठायचा, असा त्यांचा रोजचा धंदा.

घंटी येण्याआधी एक भानगड झाली होती. घरात ती गोष्ट कोणी काढायचं नाही, म्हणून मला ती पाठ आहे. हारवाल्याच्या दुकानाशी आई कॅरेट द्यायला खाली उतरली. ती चढली असं समजून बाबांनी गाडी काढली. आई मागून ‘अवो, अवो’ करत पळाली. आता भर रस्त्यात ‘अवो’ म्हटलं तर सगळ्याच बायकांचे नवरे मागे वळतात, आणि ज्यानं वळायचं तो इंजिनाच्या आवाजात बसलेला. नावानं हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेली असती. पण आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बाबांनीही तिचं घेतलं नाही. ते तिला ‘ऐकून राह्यली का’ म्हणायचे, तेच तिचं नाव.

बाबा एकटेच बाजारात पोचले. फाळका उघडला तर आत नुसती भाजी. उलटे फिरून येईस्तोवर आई तिथंच दुकानाच्या पायरीवर बसलेली होती, ऊन डोक्यावर घेऊन. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी बाबांनी ती घंटी आणली. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं, एस.टी.सारखंच. आणि आईला म्हणाले, ‘तुही दुसरी घंटी होयेपर्यंत मी गाडी हालवत नाई. मंग मांगून कोनी कितीबी बोंबलू दे.’

त्यांनी ते पाळलं. मागं ट्रक हॉर्न देऊन देऊन दमायचे, पण दुसऱ्या घंटीशिवाय आमचा टेम्पो ढिम्म.

त्या गाडीत विकतचं असं काही उरलंच नव्हतं. हौद्याच्या जाळ्या जुन्या पलंगाच्या, बाबांची सीट कुठल्याशा टाकून दिलेल्या खुर्चीची, पाण्याच्या कॅनला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. वेल्डिंगचं मशीन मागून आणायचं, गॉगल नाही, डोळे बारीक करून झाळायचं आणि मग रात्रभर डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. मला हे सगळं पाहून राग यायचा. अजूनही येतो. पण गाडी मी त्याच टेम्पोवर शिकले, त्याच भंगारातल्या सीटवर बसून, हेही खरं आहे.

दोन उन्हाळ्यांआधी आई गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती त्याच हौद्यात. गाडी मीच चालवीन म्हणून बाबा हटून बसले. सगळे चढले, फाळका लागला, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पण गाडी हालेना. काका मागून म्हणाले, ‘चाल ना बाप्पा.’ बाबा समोर पाहत बसलेले. मी पुढं त्यांच्या शेजारी होते, मला कळलं. मी काकांना सांगितलं, घंटी द्या. काकांनी दोनदा दोरी ओढली, तेव्हा बाबांनी गियर टाकला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी अकोल्याला राहते, नोकरी तिथंच. महिन्यातून एकदा मळ्यात जाते. आई गेल्यावर पहिल्यांदा बाबांसोबत बाजाराला निघाले, तर वलगावच्या पुलाअलीकडं डोक्यावर घंटी वाजली. एकच.

बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. मागून येणारा ट्रक आम्हाला घासत, शिव्या देत गेला.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘घंटी झाली.’

‘बाबा, मांगं कोनी नाई.’

‘मले मालूम हाये.’

आणि बसले. हात स्टेअरिंगवर, इंजिन बंद. मी खाली उतरून हौद्यात पाहिलं. कॅरेट, जुड्या, दुमडलेलं पोतं. पोतं अजून जागेवरच होतं, मध्ये बसल्यासारखा खड्डा पडलेलं. अंगावर काटा आला माझ्या. दोरी सैल होऊन कॅरेटच्या कडेला अडकली होती, खड्ड्यात गाडी आदळली की ताणली जात होती. एवढंच होतं ते. मला पुरतं समजलं, तरी काटा काही जाईना. मी परत येऊन बसले. थोड्या वेळानं वारा सुटला, ताडपत्री फडफडली आणि डोक्यावर वाजलं. एकदा. मग जराशानं आणखी एकदा. बाबांनी गाडी सुरू केली.

‘हे रोज होते?’

‘रोज नाई,’ ते म्हणाले. ‘तिले वाटलं तवाच.’

मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. असं भर रस्त्यात थांबून एखादा ट्रक खरंच अंगावर येईल, मग मी काय करू, हौदा तर खालून असा सडला आहे की एक दिवस भाजी रस्त्यावर आणि तुमी नाल्यात. बाबा म्हणाले, सडला तर मी बदलतो, पत्रा आणतो, झाळतो. मी म्हटलं, आता तुमच्या हाताला कंप आहे, झाळायचं नाव काढू नका, अकोल्यात बॉडीवाले आहेत, ते शिकलेले आहेत, त्यांचा तोच धंदा आहे.

‘बॉडीवाला गाडीची बॉडी बांधते. आपल्या कामाची नाई बांधत.’

‘तुमी बांधता ते कामाचं असते, अन् मोडते बी आपल्याच डोक्शावर.’

यावर ते हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा. आणि तयार झाले.

अकोल्याच्या त्या बॉडीवाल्याचं काम एक नंबर होतं, हे मी आजही म्हणेन. मशीनवर वाकवलेला पत्रा, सरळ सुतात वेल्डिंग, खाली पाय न घसरणारा चेकर पत्रा, एका हातानं उघडेल असा फाळका, ताडपत्रीला ठरल्या जागी कड्या. आतली वायरिंगही नवी, मागची काच नवी, भोक नसलेली. गाडी ताब्यात देताना त्यांनी एक पोतं माझ्या हातात ठेवलं. ‘ह्या फालतू दोऱ्या-बिऱ्या काढल्या मॅडम, पाहून घ्या, कामाचं काही असन त्यात.’ आत रिळं होती, गुंडाळलेली दोरी आणि घंटी. बाबा बाजूलाच उभे होते. त्यांनी नव्या हौद्यावरून हात फिरवला, चांगलं झालं म्हणाले, आणि पोत्याकडं पाहिलंही नाही. मला वाटलं, सुटलो बाप्पा एकदाचे.

पुढच्याच आठवड्यात हारवाल्याचा फोन आला. ‘ताई, तुमचे वडील इथं गाडीत बसून राह्यले. फुलं उतरवली, हिशेब झाला, चहा झाला, आता निघा म्हटलं तं निघत नाईत. बरं-बिरं हाये ना त्याईचं?’ मी बाबांना फोन लावला. उचलला त्यांनी. निघतो म्हणाले. दुपारी पुन्हा हारवाल्याचा फोन, अजून तिथंच आहेत, मेथी माना टाकून पडली.

असं वरचेवर होऊ लागलं. मग ते बाजाराला जायचेच बंद झाले. झेंडू झाडावर सुकला, सांबार फुलावर आलं. मी मळ्यात गेले तर बाबा टेम्पोजवळ खाट टाकून बसलेले. जेवण अर्धं. खांदे असे उतरलेले की मला एकदम भीती वाटली, हा माणूस असाच बसल्या बसल्या जाईल म्हणून.

‘काहून जात नाई बाजाराले?’ मी विचारलं.

बाबांनी नव्या हौद्याकडं पाहिलं. मग म्हणाले, ‘कसा निघू? ती चढली का नाई, समजतच नाई आता.’

मी उठले, घरातून ते घंटीचं पोतं आणलं, शेजाऱ्याकडून ड्रिल मागून आणलं आणि नव्याकोऱ्या हौद्याला भोकं पाडायला घेतली. आयुष्यात ड्रिल धरलं नव्हतं. पहिलं भोक वाकडं गेलं, बॉडीवाल्याच्या सुंदर रंगाचे टवके उडाले. बाबा खाटेवरून पाहत होते. थोड्या वेळानं उठून आले. ‘तिरपं धर. दाबू नको, त्याचं ते जाते आत.’ काचेला हात लावायची माझी हिंमत नव्हती, म्हणून दोरी छताच्या कडेवरून फिरवून दरवाज्याच्या रबरातून आत घेतली. रिळं एका ओळीत आली नाहीत. दोरी मध्येच अडायची, जोर लावावा लागायचा. पाहणाऱ्याला वाटावं, नव्या गाडीला कोणीतरी जाणून विद्रूप केलं. दोरी ओढली आणि घंटी वाजली, तेव्हा बाबा खाली बसले आणि तोंडावर गमछा घेतला. मी त्यांना रडू दिलं. मीही रडले, ड्रिल हातात धरून.

दुसऱ्या दिवशी उरलासुरला झेंडू तोडला आणि निघालो. बाबा पुढं, मी मागं, फाळक्याजवळ, आईच्या त्या दुमडलेल्या पोत्यावर. हारवाल्याकडं कॅरेट दिलं, चढले, दोनदा दोरी ओढली. गाडी हालली. इतकं बरं वाटलं की मी मागं एकटीच हसत होते. बाजार आटोपला. परतायच्या आधी बाबा हौद्यापाशी आले.

‘तुही घंटी लय घाईची हाये,’ ते म्हणाले. ‘लागोपाठ देतं. तिची पहिली झाली का ती थांबे. दुसरी मंग उशिरानं ये.’

‘काहून?’

‘काय मालूम. मी कवा मांगं बसलोच नाई.’ मग किल्ली माझ्या हातात दिली. ‘तू चालव. मले पाहू दे, ती काय पाहत जाय ते.’

रिकाम्या हौद्यात ते चढले, पोत्यावर बसले. परतताना काही घ्यायचं नव्हतं, द्यायचं नव्हतं, तरी हारवाल्याच्या दुकानासमोर घंटी वाजली. एक. मी गाडी कडेला घेतली. ज्या पायरीवर आई ऊन डोक्यावर घेऊन बसली होती, ती तिथंच आहे, फरशी बदललेली. मी उतरले नाही. इंजिन चालू ठेवून बसले. हात स्टेअरिंगवर, अगदी बाबांसारखेच, हे नंतर लक्षात आलं.

बरंच थांबलो. मग निघायच्या दोनातली पहिली घंटी झाली. मी गियरवर हात नेला आणि तसाच ठेवला. दुसरी येईना. मागं रिक्षावाला हॉर्न देऊन देऊन थकला, बाजूनं काढून गेला. आरशात पाहावं वाटत होतं, पण पाहिलं नाही. आरशात एकटे बाबा दिसले तरी सोसलं नसतं, आणि एकटे नसते दिसले तरी नसतंच.

तेवढ्यात मागून हाक आली. इंजिनाच्या वर, रस्ताभर ऐकू जाईल अशी. बाबांनी आईचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा, नावानं, आणि पुढं म्हणाले, ‘चढ वो लवकर, उशीर झाला.’

 जराशानं दुसरी घंटी वाजली, आणि मी गाडी काढली.