खालीला हात वर

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत गाणं शिकवत होतो. त्रितालात नवव्या मात्रेला टाळी द्यायची नसते, हात वर उचलून ‘खाली’ म्हणायचं असतं. लहानपणी मीही हे न विचारता घोकलं होतं.

सायखेड्याहून नव्याने आलेल्या एका मुलीने मात्र वर्गात विचारलं, “सर, खाली म्हणता अन् हात वर का करता?”

सगळा वर्ग हसला. मी तापट माणूस. “शहाणपणा नको, टाळी दे,” म्हणालो. तिने टाळी दिली, पण डोळे भरून आले होते.

संध्याकाळी रविवार कारंज्यापाशी टांगा उभा होता. येणार का, विचारलं. टांगेवाला म्हणाला, “बैठो मास्टर, खाली है.”

पायरीवर एक पाय ठेवून मी तसाच थांबलो. हा शब्द मी हजारदा ऐकला होता, पण तालातली खाली म्हणजे हीच, टाळीवाचून रिकामी राहिलेली, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं की मलाच ठाऊक नव्हतं, टांगेवाल्यामुळे कळलं. तिचा चेहरा खुलला.

“मग सर, रिकामी हाय तर मोजायची कशाला?”

मी म्हटलं, “थांब, विचारून सांगतो.”

तिने अगदी मनापासून विचारलं, “टांगेवाल्याला?”