ताटाची डावी बाजू

“ब्युटिफुल,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि शिकाऊ डॉक्टर बाबांच्या ताटावर वाकले. उजवीकडचा वरणभात संपला होता, डावीकडची भाजी तशीच होती.

“आज भाजी नाही दिली यांनी,” बाबा म्हणाले.

मेंदूच्या झटक्यानंतर काहींचं डावीकडे लक्षच जात नाही, डोळे ठीक असले तरी, असं डॉक्टर इंग्रजीत समजावत होते. मला सगळं कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं. यात सुंदर काय? कोणीतरी ताट फिरवलं, तशी बाबांना भाजी सापडली.

कालपासून मी त्यांच्या डावीकडेच बसले होते. ते माझ्याकडे बघत नाहीत म्हणजे रागावलेत, असं समजून मी गप्प होते. मग त्यांच्यासाठी मी कालपासून होते कुठे?

मी स्टूल उचलून उजवीकडे निघाले.

“तिकडे नको,” डॉक्टर मराठीत म्हणाले. “इथूनच हाक मारत राहा. त्यांना वळायची सवय लागू दे.”

एवढ्या लोकांसमोर? मला तर फोनवरसुद्धा मोठ्याने बोलता येत नाही. बाबा उजवीकडच्या खिडकीकडे बघत होते. मी स्टूल खाली ठेवलं.

“बाबा, मी इकडे आहे. इकडे बघा ना.”