उलटी बसलेली रांग

अकराव्या मजल्यावर काँक्रीटच्या पंपाची नळी चढली तेव्हा सुतारकाका उकिडवे बसून कालचं स्वतःचंच काम पाहत होते.

इमारत लाकडाची. मजल्यावर आधी जाड लाकडी पाट, त्यांत लांब स्क्रू तिरके बसवलेले, अर्धे आत, अर्धे वर. त्यावर काँक्रीट. स्क्रू लाकूड आणि काँक्रीट दोन्हींना धरून ठेवतात, म्हणून मजला पेलतो. अट एकच: स्क्रूचं डोकं जवळच्या तुळईकडे कललेलं हवं. उलटा कलला तर असून नसल्यासारखा.

काका नऊ वर्षं हेच करत होते. दोन वर्षांपासून उजवा खांदा धड वर उठत नव्हता. सकाळी सदरा बायको चढवायची.

"मुकादमाला एकदा सांगून टाका," ती म्हणायची.

"सांगितलं की घरी बसवतील."

काल दुपारी खांदा साफ अडला. काकांनी स्क्रूला तिरका कोन देणारा ठोकळा फिरवला, स्वतःही फिरून बसले आणि शेवटची रांग डाव्या हातानं मारली. साठ स्क्रू, सगळे उलटे. आत्ता ते फक्त त्यांना दिसत होतं. तासाभरानं कुणालाच दिसलं नसतं.

"मुकादम, पंप थांबव."

"काका, खाली गाडी उभी आहे. आता काय राहिलं?"

"शेवटची रांग उलटी बसलीय."

मुकादम वाकला. हे काम तो काकांच्याच हाताखाली शिकला होता. "तुमच्या हातून? सकाळी सकाळी थट्टा करू नका."

"डाव्या हातानं मारली."

"उजव्याला काय धाड भरली?"

काकांनी उजवा हात वर उचलला. तो छातीपाशी थांबला. मुकादम हसायचा थांबला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि आम्ही म्हणतोय, म्हातारा चहाही डाव्या हातानं पितो, ऐट बघा!"

उलटे स्क्रू काढले तरी जुनी भोकं निकामी. त्यांच्या मधोमध नवे साठ स्क्रू मारायचे होते. स्क्रू मारायचं यंत्र मुकादमानं घेतलं. काका त्याच्या पुढे सरकत ठोकळा धरत राहिले. दोन तास गेले. खालून गाडीवाला शिव्या घालत होता.

दुपारी काँक्रीट पसरलं. मुकादमानं यंत्र स्वतःच्या पेटीत ठेवलं.

"उद्या हापिसात या. साहेबांशी बोलू."

"स्क्रूचं काम?"

"ते नाही, काका."

घरी बायकोनं सदरा उतरवताना विचारलं, "आज लवकर?"

"सांगितलं."

तिनं बाही हळूच सोडवली. "उद्या कोणता घालायचा?"

"हापिसात जायचंय," काका म्हणाले. "बरा असेल तो दे."