एक जूनचा मुलगा

भेटला की तो आधी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. "पोचला का हात, बाई?" साठी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस चिंचवडला आमच्या सोसायटीच्या फाटकात कान धरून उभा! वॉचमनला वाटायचं, म्हातारीने शिक्षा केली.

शिक्षा नव्हे, तो आमचा शाळाप्रवेश. महाळुंग्यात कंपन्या यायच्या कितीतरी आधी मी तिथल्या शाळेत नवी बाई होते. वय एकोणीस, दोन वेण्या, आणि सारं गाव आपणच शहाणं करणार याची खात्री. अक्षराचा तर इतका तोरा, की गैरहजेरीसुद्धा वळणदार मांडायची. पहिलीचा पट भरेना. याची आई म्हणाली, "औंदाच्या पोळ्याला पाच पुरी व्हतील." मी त्याला डोक्यावरून कान धरायला सांगितलं. पोचला तर सहा वर्षांचा, अशी तेव्हाची परीक्षा. हात पोचेना, तर मीच कोपर धरून ओढला आणि लिहिलं, सहा पूर्ण, जन्म एक जून. त्या साली माझ्या वर्गातली सगळीच मुलं एक जूनला जन्मली. आयांनी ठरवूनच टाकलं होतं जणू!

पुढे तो दहावी झाला आणि कंपन्यांच्या शेडवर पत्रे बसवू लागला. आमच्या पार्किंगचे पत्रे बदलायला आला, तेव्हा त्यानेच मला ओळखलं. त्याचे गुडघे गेले होते. शिडीवर मध्येच थांबून म्हणायचा, "वरनं समदं ब्येस दिसतं, बाई. चढायचंच वंगाळ."

मग ठेकेदार त्याला म्हणाला, ड्रोनचं लायसन काढ, खाली उभं राहून छपरं तपासायचं काम देतो. स्वारी हरखली. माझ्यासमोर दोन्ही अंगठे हवेत फिरवत सराव चालायचा. "आता गुडघ्यांना रिटायर करतो, बाई."

प्रशिक्षणवाल्यांनी शाळेचा दाखला मागितला. पासष्टच्या पुढे लायसन नाही. कागदावर त्याला पासष्ट होऊन दोन महिने झाले होते.

तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, "थांब, तारीख मी ठोकून दिली होती, असं लिहून देते."

"नगं, बाई. उगा तुमच्या पेन्शनीत कोन खोट काढील. तुमी घेतलं म्हनून शाळा तरी दिसली."

आता तुमच्यापासून काय लपवू? पेन्शन हा शब्द ऐकला आणि मी चहा ठेवायला उठले. कागद काढलाच नाही. काढून उपयोग झाला असता की नाही, देव जाणे. पण मी उठले, ते त्याने पाहिलं. जाताना कान धरून मलाच हसवलंन्. मी हसलेही.

तो पुन्हा छपरांवर चढू लागला. माघात चाकणच्या एका शेडवर जुना पत्रा पायाखाली फुटला.

दहाव्याला आळंदीला गेले. नदीकाठी त्याच्या फोटोचा फ्लेक्स होता. खाली जन्म, एक जून. त्याची बायको म्हणाली, "खरी तारीख कुनालाच ठावं न्हाई, बाई." मला ठाऊक होती. तिथेही मी पदर सावरत बसले.

काल पोळा झाला. फाटकाशी मातीचे बैल विकायला आले होते. एक जोडी घेतली, खिडकीत ठेवली. काल त्याला पासष्ट पुरी झाली असती.